पुनर्शोध नेमका कोणाचा? : रामसे बंधूंचे अल्पखर्ची भयपट आणि समीक्षेची उशिरा वळलेली नजर

बीजसंज्ञा : कल्ट चित्रपट, अल्पखर्ची निर्मिती, हिंदी भयपट, रामसे बंधू, चित्रपट-जतन

प्रस्तावना :

विस्मृतीत गेलेले, तुटपुंज्या भांडवलावर तयार झालेले आणि प्रदर्शनाच्या काळी समीक्षकांनी दखल न घेतलेले चित्रपट पुन्हा शोधून काढणे, त्यांच्या प्रती स्वच्छ करून नव्या प्रेक्षकांपुढे मांडणे, ही गेल्या काही दशकांतील चित्रपट-संस्कृतीची एक ठळक प्रवृत्ती आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात शैक्षणिक व औद्योगिक लघुपट तयार करणाऱ्या हर्क हार्वी या दिग्दर्शकाने सुमारे तेहतीस हजार डॉलरमध्ये केलेला 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) हा एकमेव कथापट प्रथम प्रदर्शनात जवळजवळ दुर्लक्षित राहिला आणि १९८९ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याला अभिजाततेचा मान मिळाला. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' हा विद्यापीठीय प्रबंध म्हणून केलेला चित्रपट त्यातील गाण्यांचे हक्क न मिळाल्याने तीस वर्षे अडकून पडला आणि २००७ मध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. अशा घटनांना 'पुनर्शोध' म्हणण्याची पद्धत आहे.

ही संज्ञा भारतीय संदर्भात जशीच्या तशी वापरता येते का, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी १९७२ ते १९९० या काळातील रामसे बंधूंच्या हिंदी भयपटांचा, त्यातही 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) या दोन चित्रपटांचा विचार येथे केला आहे. हे चित्रपट खऱ्या अर्थाने कधी हरवलेच नव्हते. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील एकपडदा चित्रपटगृहांत, पुढे व्हिडिओ पार्लरमध्ये आणि त्यानंतर दूरचित्रवाणीच्या उत्तररात्रीच्या प्रक्षेपणांत ते सतत पाहिले जात होते. हरवली होती ती समीक्षेची नजर. तेव्हा 'पुनर्शोध' लागला तो चित्रपटांचा की समीक्षकांच्या अज्ञानाचा, हे तपासणे अगत्याचे ठरते.

घराणे आणि कारखाना :

फत्तेचंद रामसिंघानी तथा एफ. यू. रामसे हे कराचीतील रेडिओचे दुकानदार. फाळणीनंतर ते मुंबईत आले, दुकान पुन्हा उभे केले आणि चित्रपटनिर्मितीत उतरले. त्यांच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी 'रुस्तम सोहराब' (१९६३) आणि 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) या दोन्हींचे दिग्दर्शन विश्राम बेडेकर यांनी केले होते. 'रणांगण'कार बेडेकरांचे नाव रामसे घराण्याच्या पूर्वपीठिकेत आढळावे, ही मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना गंमतीची वाटेल अशी गोष्ट. परंतु ती केवळ गंमत नाही. दुसरा चित्रपट अपयशी ठरला, तरी त्यातील एका प्रसंगाने रामसे बंधूंना त्यांचा मार्ग दाखविला. पृथ्वीराज कपूर यांचे पात्र भयानक मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करते, असा तो प्रसंग. बाकीचा चित्रपट ओस पडत असताना तेवढ्या प्रसंगासाठी प्रेक्षक येतात, हे तुलसी व श्याम या बंधूंनी चित्रपटगृहात बसून टिपले आणि वडिलांना पूर्ण भयपट काढण्यास राजी केले, असे या बंधूंनी पुढे अनेक मुलाखतींतून सांगितले आहे.

त्यातून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) तयार झाला. सारे पथक बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेले, विश्रामगृहात उतरले आणि सुमारे चाळीस दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात चित्रीकरण आटोपून परतले. सातही भावांनी कामे वाटून घेतली होती : कुमार पटकथेकडे, गंगू छायाचित्रणाकडे, किरण ध्वनीकडे, अर्जुन संकलनाकडे, केशू छायाचित्रण व निर्मितीकडे आणि तुलसी-श्याम दिग्दर्शनाकडे. घरातील स्त्रिया पथकाचा स्वयंपाक सांभाळत. जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरील पाठ्यपुस्तक समोर ठेवून या भावांनी माध्यमाचे शिक्षण घेतले होते.

या व्यवस्थेचे वर्णन करताना अनेक लेखक 'जिद्द', 'चिकाटी' अशा शब्दांत रमतात. त्यात खोटे काही नाही. परंतु आर्थिक बाजू दुर्लक्षिली जाते. नामांकित नट टाळणे, एकाच हवेलीत बाह्य व अंतर्गत दोन्ही चित्रीकरण करणे, आठवड्यांत काम संपविणे आणि मोठ्या शहरांतील पहिल्या आठवड्याच्या गर्दीवर अवलंबून न राहता लहान केंद्रांतील संथ परंतु खात्रीच्या उत्पन्नावर हिशेब बसविणे, ही एक विचारपूर्वक आखलेली निर्मितीपद्धती होती. व्हॅलेंटिना विटाली यांनी भांडवल आणि लोकप्रिय चित्रपट यांच्या संबंधावर लिहिताना या मुद्द्याकडे लक्ष वेधले आहे. भयपट ही रामसेंची आवड असेल. पण ताऱ्याच्या मानधनाशिवाय विकता येणारा माल, हे त्या प्रकाराचे पहिले व्यावहारिक वैशिष्ट्य होते.

'पुराना मंदिर' : शापाचा हिशेब :

'पुराना मंदिर'ची पूर्वकथा दोनशे वर्षांपूर्वीची आहे. सामरी नावाचा नरभक्षक दुष्टात्मा राजकन्येला गिळंकृत करतो. राजा त्याला पकडवितो, दरबारात त्याच्या अपराधांचा पाढा वाचला जातो आणि शिरच्छेदाची शिक्षा होते. धड जुन्या मंदिराच्या परिसरात पुरले जाते, शिर पेटीत बंद करून हवेलीत ठेवले जाते. मरण्यापूर्वी सामरी शाप देतो : या वंशातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात भयंकर मरण पावेल आणि शिर-धड पुन्हा एकत्र आले की वंशाचाच उच्छेद होईल. वर्तमानातील कथेत शहरवासी ठाकूर आपल्या मुलीच्या, सुमनच्या प्रेमाला विरोध करतो. प्रियकर संजय तिच्या तोलामोलाचा नाही, असे वरकरणी कारण दिसते. खरे कारण शाप. मग तरुण मंडळी गावाकडच्या हवेलीत जाऊन त्या शापाचा छडा लावू पाहतात.

हा आरंभीचा भाग रामसेंच्या सर्वोत्तम कामांपैकी आहे. मशालींचा पिवळा उजेड, धुक्यातून सरकणारी गाडी, अनिरुद्ध अग्रवाल यांचा अवाढव्य देह आणि दरबारातील ती चमत्कारिक न्यायदानाची सभा. राक्षसाला येथे मारून टाकले जात नाही. त्याच्यावर आरोपपत्र ठेवून खटला चालविला जातो. भय आणि कायदा यांची अशी सांगड हिंदी चित्रपटात विरळाच आढळते. त्यानंतर मात्र राक्षस दीर्घ काळ पडद्यावरून नाहीसा होतो आणि उरते ती पेटी. खर्चिक रंगभूषा पुन्हा पुन्हा वापरणे परवडत नसल्याने हा तोडगा निघाला असेल, असे मानण्यास जागा आहे. परंतु परिणाम कलात्मक आहे. जे दिसत नाही, पण घरातच कुठेतरी बंद आहे, त्याची जाणीव प्रेक्षकाला अस्वस्थ करीत राहते.

कथेचा गाभा अधिक विचार करावयास लावणारा आहे. एम. माधव प्रसाद यांनी हिंदी चित्रपटाच्या विचारप्रणालीवरील आपल्या १९९८ सालच्या ग्रंथात सरंजामी कौटुंबिक प्रेमकथेची जी चौकट मांडली आहे, तिच्यात वडिलांचा विवाहविरोध हा सत्तेचा प्रश्न असतो. 'पुराना मंदिर' हीच चौकट उचलतो आणि मध्येच कारण बदलतो. श्रीमंत-गरीब हा भेद बाजूला सरकून त्याची जागा शाप घेतो. म्हणजे बापाचा हट्ट हा अहंकार न राहता वात्सल्य ठरतो. वर्गभेदाचा प्रश्न सुटत नाही, तो झाकला जातो. दुसरीकडे, राजाने केलेल्या न्यायाची किंमत त्या दरबारात कोठेही नसलेल्या स्त्रिया पिढ्यान्पिढ्या आपल्या देहाने चुकवतात. पुरुषांच्या वैराचा हिशेब स्त्रियांच्या बाळंतखाटेवर मांडला जातो, ही कल्पना विलक्षण ताकदीची आहे.

परंतु चित्रपट तिच्याशी प्रामाणिक राहत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ज्या देहावर शाप आहे, तोच देह स्नानाच्या प्रसंगात प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे ठेवून, आधी रिझवून मग घाबरविण्याचा घाऊक मार्ग पत्करला जातो. नायिकेला शापाविषयी काय वाटते, आई होण्याची तिला इच्छा आहे किंवा नाही, याची कोणी चौकशी करीत नाही. शापाची माहिती बापाकडून प्रियकराकडे जाते, आणि ती जिच्याविषयी आहे ती केवळ ऐकणारी उरते. अलीकडे या चित्रपटांच्या गौरवात काही लेखक त्यांना दडपलेल्या स्त्रीशक्तीचे आविष्कार म्हणू लागले आहेत. तो अतिउत्साह होय.

विनोदी उपकथानकाची गोष्ट वेगळी. जगदीप यांचा मच्छर सिंग हा 'शोले'चे विडंबन घेऊन मूळ कथेत अधूनमधून घुसतो. आजच्या सुशिक्षित प्रेक्षकाला हा भाग असह्य वाटतो, आणि खरोखर तो फार लांबला आहे. तथापि अडीच तासांच्या करमणुकीत भय, गाणी, मारामारी आणि हास्य सर्व काही पुरविण्याचा तो करार होता. पिटातील प्रेक्षक तिकिटाचे पैसे सामरीसाठी देत असला, तरी घरी जाताना जगदीपचे संवादही बरोबर नेत असे. गंभीर समीक्षेला हा भाग वगळून चित्रपटाचा विचार करण्याचा मोह होतो. तसे केल्यास मागे उरतो तो समीक्षकाने स्वतः संकलित केलेला दुसराच चित्रपट.

'वीराना' आणि स्वतःकडे पाहणारे भय :

'वीराना'चा पहिला अर्धा तास बांधणीच्या दृष्टीने 'पुराना मंदिर'पेक्षाही सरस आहे. जंगलात सावज गाठणाऱ्या चेटकिणीचा शोध, तिला दिलेली फाशी आणि त्यानंतर ठाकुराच्या घरातील लहान मुलीच्या देहात तिचा संचार, ही साखळी कोठेही न रेंगाळता पुढे सरकते. येथेही सरंजामी वाडा आहे, वंश आहे, आणि न्याय देऊन मोकळे झालेले पुरुष आहेत. फरक असा की, या वेळी सूड घेणारी शक्ती घराबाहेर पेटीत बंद नसून घरातील मुलीच्याच रूपात वावरते. बाहेरचे संकट आत आले, एवढा एकच बदल चित्रपटाला अधिक गडद करतो.

या चित्रपटातील सतीश शाह यांचे पात्र मात्र अभ्यासकांनी फारसे गंभीरपणे घेतलेले नाही. या पात्राचे नाव हिचकॉक. भयपट काढण्याची त्याची महत्त्वाकांक्षा आहे. खऱ्या भुताटकीच्या घरात कल्पित भुताटकीच्या शोधात फिरणारा हा दिग्दर्शक म्हणजे रामसे बंधूंनी स्वतःवर केलेली थट्टा होय. आपला माल उसना आहे, पाश्चात्त्य भयपटांच्या कल्पना आपण वाकवून वापरतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते आणि ते लपविण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. नकळत विनोदी ठरलेले भोळे निर्माते, अशी त्यांची जी प्रतिमा शहरी रसिकांनी रंगविली, तिला या एका पात्राने छेद जातो.

हसण्याची अडचण :

'इतका वाईट की चांगला' हा निकष अमेरिकेत रुजला तो विशेषतः १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेडवेड बंधूंच्या 'गोल्डन टर्की' पुरस्कारांच्या पुस्तकाने. त्याने एड वुडच्या 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'ला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरविले आणि त्या कुख्यातीतूनच चित्रपटाला नवा भक्तवर्ग लाभला. पुढे १९९५ मध्ये जेफ्री स्कॉन्स यांनी 'पॅरासिनेमा' ही संज्ञा मांडून दाखविले की, अशा टाकाऊ चित्रपटांची आवड ही केवळ थट्टा नसून प्रस्थापित अभिरुचीविरुद्धची एक भूमिका असते आणि ती भूमिका घेणारेही बहुधा सुशिक्षित मध्यमवर्गातीलच असतात.

रामसे चित्रपटांच्या नव्या कीर्तीचा मार्गही याच दिशेने गेला. पीट टूम्स यांच्याशी संबंधित 'मोंडो मकाब्रो' या ब्रिटिश संस्थेने २००० नंतरच्या दशकात 'बॉलिवूड हॉरर कलेक्शन' या नावाने 'बंद दरवाजा', 'पुराना मंदिर', 'वीराना', 'पुरानी हवेली' आदी चित्रपटांच्या डीव्हीडी काढल्या. परदेशातील संग्राहकांनी त्यांना डोक्यावर घेतल्यानंतर येथील महानगरी रसिकाला त्यांचे मोल जाणवू लागले. लंडनमार्गे आलेली ही मान्यता आपल्या सांस्कृतिक व्यवहाराला नवीन नाही. शम्य दासगुप्ता यांचे रामसे बंधूंवरील पुस्तक २०१७ मध्ये आले. तुलसी रामसे २०१८ मध्ये आणि श्याम रामसे २०१९ मध्ये निवर्तले, तेव्हा ज्या इंग्रजी नियतकालिकांनी कधीकाळी त्यांच्या चित्रपटांची हेटाळणी केली होती, त्यांनीही गौरवपर मृत्युलेख छापले.

या हसण्यात एक वर्गीय अंतर दडलेले आहे. सांगोल्याच्या किंवा परळीच्या चित्रपटगृहात जो प्रेक्षक सामरीला पाहून दचकत होता, तो मूर्ख होता आणि आजचा हसणारा प्रेक्षक शहाणा आहे, असे या हास्याचे गृहीतक असते. वस्तुतः तो प्रेक्षकही हसत असे, शिट्या मारीत असे, शेजाऱ्याला घाबरवीत असे. भय आणि हास्य यांची सरमिसळ हा त्या प्रेक्षकवर्गाचा मूळचाच रिवाज होता. कल्ट-रसिकाने तो शोधून काढलेला नाही.

ओरखड्यांचे वाचन :

या पार्श्वभूमीवर कार्तिक नायर यांचा २०२४ मधील 'सीइंग थिंग्ज' हा ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. रामसे व तत्सम भयपटांतील धूसर चौकटी, झटका देणारी संकलने, निसटलेली रंगभूषा यांना ते दोष म्हणून बाजूला टाकत नाहीत आणि त्यांची थट्टाही करीत नाहीत. त्या साऱ्या खुणा चित्रपट कसा तयार झाला, कोणी कापला, कसा वापरला गेला याचे पुरावे आहेत, अशी त्यांची मांडणी आहे. ही दृष्टी गौरव आणि उपहास या दोन्ही टोकांपासून समीक्षेला सोडविते. मात्र तिचाही एक धोका आहे. प्रत्येक ओरखडा अर्थपूर्ण ठरू लागला, तर दिग्दर्शकाने घाईत उरकलेले काम आणि विचारपूर्वक केलेले काम यांतील भेदच पुसला जातो. 'वीराना'चा आरंभ आणि त्याच चित्रपटाचा विस्कळीत शेवट यांना एकाच मापाने मोजता कामा नये.

या दृष्टीचा व्यावहारिक परिणाम जतनाच्या प्रश्नावर होतो. भारतातील सुमारे तेराशे मूकपटांपैकी अपुरे तुकडे धरूनही तीसच्या आसपासच आज उपलब्ध आहेत. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांची धारणा अशी होती की, संग्राहकाने चांगले-वाईट ठरवीत बसू नये. जे मिळेल ते जपावे. त्यांनी उभारलेल्या संग्रहालाही संकटे चुकली नाहीत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळे भस्मसात झाली. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

येथे कमल स्वरूप यांच्या 'ओम दर-ब-दर' (१९८८) या चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरेल. अजमेर-पुष्करच्या परिसरात घडणारा, कथानकाची सारी रूढी झुगारणारा हा चित्रपटही अल्पखर्चीच. तो महोत्सवांत दाखविला गेला, समीक्षकांचा फिल्मफेअर पुरस्कारही त्याला मिळाला. परंतु चित्रपटगृहांत तो आला जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत पुसट व्हिडिओ प्रतींवरून तो हातोहात फिरत राहिला. त्याचा पुनर्शोध खऱ्या अर्थाने पुनर्शोध होता, कारण प्रेक्षकांनी तो पाहिलाच नव्हता. आणि तो शक्य झाला, कारण निर्मिती महामंडळाची असल्याने सामग्रीला एक सरकारी घर होते. रामसेंचे नेमके उलट : प्रेक्षक लाखो, संस्थात्मक घर मात्र नाही. समीक्षकांनी नाकारलेल्या पण पाहिल्या गेलेल्या चित्रपटांची प्रत मिळेल त्या वितरकाकडे, गोदामात, क्वचित जत्रेतील तंबूत झिजत राहिली. महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांवरील 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट पाहिला, की गंजलेली यंत्रे, सांधलेली रिळे आणि त्यांवर पोट असलेली माणसे यांचे हे जग किती थोडे उरले आहे, याची कल्पना येते.

आता नव्याने स्वच्छ केलेल्या ब्ल्यू-रे प्रती उपलब्ध झाल्यामुळे अध्यापकाला वर्गात 'पुराना मंदिर' उत्तम रंगांत दाखविता येतो. त्यात एक नवा प्रश्न उद्भवतो. तालुक्याच्या गावात १९८४ साली जो चित्रपट दिसला, तो एवढा लख्ख नव्हता. त्यावर रेघा होत्या, प्रिंट जोडताना काही क्षण गळाले होते आणि सेन्सॉरने कापलेले भाग तर आधीच गेलेले होते. त्या शेवटच्या तपशिलाचा माग मात्र ग्रंथालयात बसून घेता येतो. सेन्सॉर मंडळाने कोणत्या चित्रपटातून कोणती दृश्ये, किती मीटर लांबीची, कापली याच्या याद्या त्या काळी भारत सरकारच्या राजपत्रात छापल्या जात असत. प्रशासकीय इंग्रजीतील त्या कोरड्या नोंदींत कापलेल्या दृश्याचे एका ओळीचे वर्णन असते : कोणाच्या गळ्यावरील रक्त, कोणाच्या देहावरील किती क्षणांचा कॅमेरा. पडद्यावरून नाहीशा झालेल्या भयाची ती एकमेव छापील प्रत आहे, आणि जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत राजपत्राचे बांधलेले खंड अजूनही तळच्या कपाटांत आढळतात.